एस्लो: बोललेलं फ्रेंच मोजायचं असेल तर

फ्रेंच बोलीत गेल्या अर्धशतकात काय बदललं हे स्वतः मोजून पाहायचं असेल आणि त्यासाठी पैसे खर्च करायचे नसतील, तर एस्लोपासून सुरुवात करावी. एस्लो हा फ्रान्समधल्या ऑर्लेआँ शहरातल्या लोकांच्या बोलण्याचा कॉर्पस, म्हणजे अभ्यासासाठी जमवलेला भाषेचा साठा आहे. ध्वनिमुद्रणं, त्यांचं शब्दशः लेखन आणि बोलणाऱ्यांची माहिती असं तिन्ही त्यात एकत्र मिळतं. ऑर्लेआँ विद्यापीठ तो सांभाळतं. अभ्यासासाठी आणि शिकवण्यासाठी वापर मोफत आहे. व्यापारी वापराला परवानगी नाही.

पहिला टप्पा १९६०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला, तोही ब्रिटिश विद्यापीठांत फ्रेंच शिकवणाऱ्यांच्या पुढाकारानं. आपल्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातल्या गुळगुळीत संवादांऐवजी खरं बोलणं ऐकवता यावं हा त्यांचा हेतू होता. त्यातून सुमारे ३०० तासांची ध्वनिमुद्रणं जमली, शब्दांत सांगायचं तर ४५ लाखांच्या आसपास. मग २००८च्या सुमारास ऑर्लेआँ विद्यापीठानं त्याच शहरात दुसरा टप्पा हाती घेतला. शहर तेच, मुलाखतीचा साचा बराचसा तोच, मध्ये चाळीस वर्षांचं अंतर. भाषाबदलाचा अभ्यास करणाऱ्याला याहून वेगळं काय हवं असतं? एरवी आजच्या म्हाताऱ्यांचं बोलणं आजच्या तरुणांशी ताडून बदलाचा अंदाज बांधावा लागतो, आणि त्यात एक शंका कायम राहते: तरुण आज असं बोलतात, पण वय वाढल्यावर तेही म्हाताऱ्यांसारखेच बोलू लागले तर? मग तो भाषेतला बदल नसून वयानुसार होणारा फरक ठरतो. एस्लोत १९६९चा पंचविशीतला माणूस आणि २०१०चा पंचविशीतला माणूस दोघेही सापडतात, त्यामुळे ही शंका पडताळून पाहता येते.

दुसऱ्या टप्प्यात मुलाखतींच्या जोडीला बरंच काही आहे. जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा, सिनेमागृहातून बाहेर पडणाऱ्यांशी दोन मिनिटांचं बोलणं, रस्ता विचारणं, व्याख्यानं, शाळा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या नावातच त्याचा प्रकार असतो, उदाहरणार्थ मुलाखतींना ‘ईएनटी’. नवख्या माणसानं हे प्रकार एकत्र ढवळू नयेत. जेवणाच्या गप्पांची तुलना १९६९च्या मुलाखतीशी केली, तर दिसणारा फरक काळाचा की प्रसंगाचा हे कधीच कळणार नाही. मुलाखतीसमोर मुलाखतच ठेवावी.

लेखनाच्या फायलींना अ, ब, क अशा आवृत्त्या आहेत. पहिली कच्ची, दुसरी तपासलेली, तिसरी पुन्हा ऐकून पक्की केलेली. मोजणीसाठी शक्यतो तिसरीच घ्यावी. लेखनात विरामचिन्हं जवळजवळ नसतात आणि शब्दांचं स्पेलिंग नेहमीच्या शुद्धलेखनाप्रमाणे असतं. त्यामागचा विचार योग्य आहे: स्वल्पविराम टाकला की वाक्य कुठे तुटतं हे लेखकानंच ठरवल्यासारखं होतं, आणि बोलण्यात ते ठरलेलं नसतं. त्याचा परिणाम मात्र लक्षात ठेवायला हवा. उच्चारातली कितीतरी माहिती कागदावर येत नाही. बोलणारा ‘ज्य से पा’ (मला माहीत नाही) म्हणाला की त्याचंच आखडलेलं ‘शे पा’, हे लेखनातून कळेलच असं नाही; त्यासाठी आवाज ऐकावा लागतो.

कॉर्पसची ताकद आणि त्यातले खड्डे दोन्ही एकाच उदाहरणात पाहायचे तर नकारातला ‘न’ घ्यावा. लिहिताना फ्रेंच नकाराला दोन तुकडे लागतात, क्रियापदाच्या आधी ‘न’ आणि नंतर ‘पा’. बोलताना पहिला तुकडा गळतो. ही गळती भाषाशास्त्रज्ञ विल्यम अ‍ॅश्बी यांनी तूर शहरात मोजली होती. १९७६ साली ‘न’ सुमारे ३७ टक्के ठिकाणी टिकून होता. १९९५ साली तिथेच पुन्हा मोजल्यावर तो सुमारे १८ टक्के भरला. तूर आणि ऑर्लेआँ दोन्ही ल्वार नदीकाठची शहरं, त्यामुळे एस्लोवरची मोजणी या आकड्यांशेजारी ठेवून बघायला अर्थ आहे. कॅनडातल्या माँट्रियलच्या १९७१च्या कॉर्पसमध्ये तर ‘न’ अर्ध्या टक्क्यावर आला होता. फ्रान्समधली तरुण पिढी फ्रेंच बिघडवते आहे असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा.

आता मोजणी. पहिली चूक होते ती छेदात. ‘न’ किती वेळा आला हा झाला अंश. ‘न’ येऊ शकला असता अशा जागा किती, हा छेद. तो काढण्यासाठी ‘न’ऐवजी ‘पा’ शोधायचा, कारण बोलण्यात तो टिकून आहे. ‘पा’च्या सगळ्या जागा एका तक्त्यात उतरवल्या की चाळणी सुरू करायची.

क्रियापदाशिवाय आलेले ‘पा’ आधी काढा. ‘पा माल’ (बरं आहे), ‘पा द्यु तू’ (अजिबात नाही), ‘पा आँकोर’ (अजून नाही) अशा तुकड्यांत ‘न’ला जागाच नसते. मग ‘शे पा’ वेगळं करा. ते इतक्या वेळा येतं आणि इतकं गोठलेलं असतं, की दोन बोलक्या माणसांच्या ‘शे पा’मुळे अख्ख्या वयोगटाची टक्केवारी हलते. ते फेकून देऊ नका, त्याचा स्वतंत्र आकडा ठेवा. ‘या पा’ (नाही, असत नाही) याचंही तसंच करावं.

सगळ्यांत चिवट अडचण आहे ‘ओं’ या सर्वनामाची. ‘ओं’ म्हणजे ‘आपण’ किंवा ‘कुणीही’. त्यानंतर स्वरानं सुरू होणारं क्रियापद आलं की फ्रेंच उच्चाराच्या नियमानुसार मध्ये आपोआप ‘न्’ ऐकू येतो. ‘आपल्याकडे नाही’ हे ‘न’ घालून म्हटलं तरी कानावर ‘ओंना पा’ पडतं आणि ‘न’ गाळून म्हटलं तरी ‘ओंना पा’च. दोन्हींचा उच्चार एकच. लेखन करणाऱ्यानं तिथे ‘न’ लिहिला असेल तर तो त्याच्या शाळेतल्या सवयीनं लिहिलेला असतो. कानानं ते ठरवणं शक्यच नसतं. म्हणून ‘ओं’ अधिक स्वर हे सगळे नमुने मोजणीतून बाहेर ठेवायचे, अपवाद न करता. ‘रियँ’ (काहीच नाही) कर्ता असेल आणि पुढे स्वर असेल तर हीच गत. ‘पेर्सोन’ (कुणीच नाही) कर्ता असतानाही शेवटच्या ‘न’मध्ये पुढचा ‘न’ विरून जातो, तेव्हा तेही बाहेर.

‘प्ल्यू’ शोधायचा मोह झाला तर सोबत आवाज हवाच. पहिला ‘न’ गळल्यानंतर ‘मला अजून हवंय’ आणि ‘मला आणखी नको’ ही दोन वाक्यं कागदावर हुबेहूब सारखी दिसतात. ऐकताना शेवटचा ‘स्’ वाजला, ‘प्ल्यूस’ असा, तर अर्थ ‘अजून’. नाही वाजला तर सहसा ‘आता नको’. केवळ लेखनावरून केलेली ‘प्ल्यू’ची मोजणी विश्वासार्ह नाही.

उलट बाजूनं, काही ‘न’ नकाराचे नसतातच. ‘आवाँ क’ (…च्या आधी) यानंतर येणारा शोभेचा ‘न’ त्यातला नेहमीचा. ‘पा’पासून शोध सुरू केला तर तो आपोआप बाहेर राहतो. ‘न’पासून सुरू केला तर तो आकडा फुगवतो.

समजा एका मुलाखतीत ‘पा’ २१० वेळा आला. त्यात क्रियापदाविना ४०, ‘ओं’ अधिक स्वर २५ आणि गोठलेलं ‘शे पा’ ४५. ते वजा केल्यावर १०० जागा उरल्या, आणि त्यांपैकी १४ ठिकाणी ‘न’ आहे. म्हणजे ‘न’ १४ टक्के टिकला. चाळणी न करता १४ला २१०नं भागलं तर उत्तर सात टक्क्यांच्याही खाली येतं. दोन अभ्यासांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा बहुधा लोक वेगळं बोलत नसतात, मोजणाऱ्यांनी वेगवेगळ्या गोष्टी वगळलेल्या असतात. म्हणून काय काय वगळलं हे आकड्याशेजारी लिहायलाच हवं.

एस्लोची दुसरी खाच मुलाखत घेणाऱ्यात आहे. त्याचं बोलणंही त्याच फाइलीत लिहिलेलं असतं. पहिल्या टप्प्यातले प्रश्न आधी लिहून ठेवलेल्या यादीतले, आणि विचारणाऱ्यांत ब्रिटिशही होते. फ्रेंच प्रश्नरचनेवर काम करणाऱ्यासाठी हा सापळाच आहे. फ्रेंचमध्ये प्रश्न विचारायच्या तीन मुख्य तऱ्हा आहेत: कर्ता आणि क्रियापद उलटवून, ‘एस्क’ लावून, किंवा साधंच वाक्य सूर चढवून. मुलाखतीतले बहुतेक प्रश्न मुलाखतकाराचे असतात, आणि छापील यादीतून आलेल्या प्रश्नात उलटवलेली रचना जास्त असणार हे उघड आहे. तिला १९६९च्या बोलीचा पुरावा मानलं तर निष्कर्ष उलटा निघेल. प्रत्येक ओळीला वक्त्याचा संकेत असतो. मुलाखतकाराच्या ओळी शोधाआधीच गाळाव्यात. मग प्रश्नांचे नमुने फार थोडे उरतात, आणि मुलाखती प्रश्नांच्या अभ्यासाला कमी पडतात हे मान्य करायला हवं. त्यासाठी दुसऱ्या टप्प्यातल्या जेवणाच्या गप्पा बऱ्या.

एक प्रश्न मात्र दोन्ही टप्प्यांत मुद्दाम ठेवला आहे आणि तो या कॉर्पसमधला रत्नासारखा आहे: ऑम्लेट कसं करता? उत्तर सगळ्यांना येतं, कुणाला दडपण येत नाही, आणि कृती सांगताना कर्ता कोण हे प्रत्येकाला निवडावं लागतं. ‘मी अंडी फोडते’, ‘तुम्ही अंडी घ्या’, ‘तू फेटतोस’, ‘ओं’ वापरून ‘अंडी फोडायची’, किंवा कर्ता गाळून नुसतं मूळ क्रियापद. आपल्याकडे कृती सांगताना कुणी ‘कांदा चिरून घ्यायचा’ म्हणतं, कुणी ‘मी आधी कांदा परतते’, तशीच निवड. शेकडो लोकांची एकाच विषयावरची उत्तरं हाती असल्यानं सर्वनामांचा वापर वय, शिक्षण आणि व्यवसायानुसार कसा हलतो ते बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं. एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी याहून आटोपशीर विषय शोधून सापडणार नाही. फाइलीत ‘ऑम्लेट’ शब्द शोधायचा, त्या प्रश्नापासून पुढचा विषय सुरू होईपर्यंतचा भाग कापायचा, प्रत्येक क्रियापदासमोर कर्ता नोंदवायचा. एका उत्तरात दोन-तीन तऱ्हा मिसळलेल्या असतात, म्हणून माणसामागे एक नोंद न करता क्रियापदामागे एक नोंद करावी.

‘नू’ (आम्ही) जाऊन त्या जागी ‘ओं’ येणं हा दुसरा मोठा बदल. तो मोजताना ‘नू’ची प्रत्येक हजेरी कर्ता म्हणून धरू नका. ‘शे नू’ (आमच्याकडे), ‘आव्हेक नू’ (आमच्याबरोबर), कर्म म्हणून आलेला ‘नू’, आणि ‘नू, ओं…’ यातला जोर देणारा ‘नू’ हे सगळे गाळावे लागतात. तसंच ‘ओं’चे सगळे नमुनेही ‘आम्ही’ या अर्थाचे नसतात. ‘लोक म्हणतात’ असा अर्थही असतो. कुठला अर्थ आहे हे मागची चार वाक्यं वाचल्याशिवाय ठरत नाही, आणि काही ठिकाणी वाचूनही ठरत नाही. अशांसाठी ‘अनिश्चित’ असा तिसरा रकाना सुरुवातीलाच ठेवावा.

साधनांबद्दल. एस्लोचं लेखन ‘ट्रान्सक्रायबर’ नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या स्वरूपात मिळतं. तेवढ्यासाठी ते सॉफ्टवेअर बसवायची गरज नाही. ‘तेईकॉर्पो’ हे मोफत साधन त्या फायली इलान किंवा प्रात या प्रोग्रॅममध्ये उघडतील अशा बनवून देतं. आवाज आणि मजकूर शेजारी शेजारी ऐकत तपासायचा तर इलान सोयीचं. स्वर आणि व्यंजनं बारकाईनं मोजायची तर प्रात. शोध आणि गणतीसाठी लियोंच्या एकोल नॉर्माल या उच्चशिक्षण संस्थेत तयार झालेलं ‘टीएक्सएम’ घ्यावं. ते ट्रान्सक्रायबरच्या फायली थेट वाचतं, आणि वक्त्यांच्या माहितीचा तक्ता सोबत दिला तर वयोगटानुसार निकाल वेगळे काढता येतात. शब्दांना व्याकरणाची लेबलं लावायला त्याला ‘ट्री-टॅगर’ लागतो. हा लेबलवाला लिखित भाषेवर तयार झालेला आहे. अर्धवट सोडलेले शब्द, ‘अं’, ‘बों’, वाक्याच्या शेवटी येणारा ‘क्वा’ यांत तो हमखास अडखळतो. लेबलांवर विसंबून मोठी गणती करण्याआधी यादृच्छिक पन्नास-शंभर ओळी हातानं तपासाव्यात. फोल्डरच्या नावात देवनागरी अक्षरं किंवा मोकळी जागा ठेवू नये. अ‍ॅक्साँवाल्या (वर-खाली खुणा असलेल्या) अक्षरांच्या जागी दोन-दोन चमत्कारिक चिन्हं दिसली, तर फाइल बिघडलेली नसते. ती वेगळ्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या वेगळ्या पद्धतीत असते, आयात करतानाचा तो पर्याय बदलला की झालं.

एस्लोची मर्यादाही मोठी आहे. ते एकाच शहराचं बोलणं आहे, पॅरिसपासून फार दूर नसलेल्या. दक्षिणेतलं, बेल्जियममधलं, आफ्रिकेतलं फ्रेंच त्यात नाही. त्यासाठी इतर ठिकाणी जावं लागतं.

पॅरिससाठी सीएफपीपी-२००० आहे, सोरबॉन नुव्हेल विद्यापीठाचा. आपल्या वस्तीबद्दल पॅरिसकरांनी मारलेल्या लांबलचक गप्पा, आवाज आणि मजकूर दोन्ही मोफत, साइटवरच शब्द शोधण्याची सोय. वापरायला एस्लोपेक्षा सोपा. नव्या माणसानं पहिला आठवडा इथे घालवला तरी चालेल. पण त्यातले पुष्कळ लोक सुशिक्षित मध्यमवर्गीय आहेत, आणि काळाची दुसरी बाजू त्यात नाही. पॅरिस परिसरातल्या तरुणांचं, अनेक भाषांच्या शेजारात वाढलेलं फ्रेंच हवं असेल तर फ्राँस्वाझ गादे यांच्या पुढाकारानं जमवलेला एमपीएफ हा कॉर्पस पाहावा. ‘ते काय आहे मला माहीत नाही’ या वाक्यात शाळेतलं व्याकरण प्रश्नार्थक शब्दाची जागा बदलायला लावतं. ही मुलं मात्र ‘शे पा से क्वा’ असं म्हणून ‘क्वा’ (काय) शेवटीच ठेवतात. हा बदल चालू वर्तमानकाळातला आहे, आणि तो जवळून पाहायची ही जागा.

उच्चारावर काम करणाऱ्यांनी पीएफसीकडे जावं. झाक द्युराँ, बेर्नार लाक्स आणि शाँताल लिशे यांनी सुरू केलेला हा प्रकल्प फ्रेंच बोलणाऱ्या अनेक प्रदेशांत पसरला. सगळीकडे पद्धत एकच: ९४ शब्दांची यादी वाचायची, बोल्यो नावाच्या गावाला पंतप्रधान भेट देणार का यावरचा वर्तमानपत्री थाटाचा उतारा वाचायचा, मग एक औपचारिक आणि एक मोकळी गप्पा. यादीत जोड्या हेरून घातल्या आहेत, उदाहरणार्थ ‘ब्रँ’ (काडी) आणि ‘ब्रं’ (तपकिरी). उत्तरेत बहुतेकांचे हे दोन उच्चार एक झालेत, दक्षिणेत वेगळे राहिलेत. एकाच माणसाचं वाचन आणि गप्पा दोन्ही असल्यानं शैलीचा फरक काळाच्या फरकात मिसळत नाही. ही रचना खरंच विचारपूर्वक केलेली आहे. शब्दांमधल्या लिएझाँची (एरवी मुकं राहणारं शेवटचं व्यंजन पुढच्या स्वराआधी वाजणं) नोंदही शिकून घेण्यासारखी. पहिला शब्द एका अक्षरघटकाचा असेल तर १, जास्तीचा असेल तर २. लिएझाँ झाली नसेल तर ०, नेहमीसारखी पुढच्या शब्दाला चिकटून झाली असेल तर १. मग ऐकू आलेलं व्यंजन. ‘ले झाँफाँ’ (मुलं) म्हणताना नोंद पडते ‘११ झ’. ‘अ’सारखा मुका स्वर उच्चारला की गळला यासाठी चार आकड्यांची वेगळी नोंद आहे. सराव नसलेल्याला पहिले काही दिवस हे जड जातं, म्हणून दोघांनी एकच पाच मिनिटं स्वतंत्रपणे नोंदवून ताडून पाहावीत. जिथे दोघांचं पटत नाही तिथेच बहुतेक खऱ्या अडचणी असतात.

बोललेलं सोडून लिहिलेल्या भाषेच्या इतिहासात शिरायचं तर नाँसीच्या एटीआयएलएफ प्रयोगशाळेची दोन साधनं आहेत. पहिलं टीएलएफआय, म्हणजे १९७१ ते १९९४ या काळात १६ खंडांत छापल्या गेलेल्या कोशाची इंटरनेट आवृत्ती. सुमारे एक लाख शब्द, २ लाख ७० हजार व्याख्या, ४ लाख ३० हजार अवतरणं. सीएनआरटीएलच्या साइटवर नोंदणीशिवाय खुला. एखादी रचना एकोणिसाव्या किंवा विसाव्या शतकात कोणी कशी वापरली हे पाहायला अप्रतिम. आजच्या वापराचा पुरावा म्हणून मात्र तो दाखवू नये. त्याची सामग्री १७८९ ते १९६० या काळाभोवती उभी आहे आणि नंतर कोश पुढे सरकलेला नाही. लोक हे विसरतात, कारण पडद्यावरचा कोश कालचाच वाटतो. त्याच पानाच्या वरच्या पट्टीत फ्रेंच अकादमी या भाषेच्या अधिकृत संस्थेच्या कोशाच्या आवृत्त्याही आहेत. तिची नववी आवृत्ती पूर्ण व्हायला २०२४ साल उजाडलं.

दुसरं साधन फ्रांतेक्स्त. त्या कोशासाठी साठच्या दशकापासून संगणकात भरलेल्या ग्रंथांतून ते वाढलं. आज मध्ययुगापासून चालू शतकापर्यंतचे हजारो ग्रंथ त्यात आहेत. पूर्ण वापराला वर्गणी लागते, आणि ती बहुधा संस्थांच्या नावावर असते. आपलं विद्यापीठ वर्गणीदार आहे का हे आधी ग्रंथपालांना विचारावं. प्रताधिकारातल्या पुस्तकांचा आजूबाजूचा मजकूर मर्यादितच दिसतो.

फ्रांतेक्स्तवर काम करायला एक जुना वाद चांगला आहे: ‘आप्रे क’ (…नंतर) यापुढे सब्जाँक्तिफ (इच्छा, शंका अशा अर्थांसाठीचं क्रियापदाचं खास रूप) यावा की नाही. व्याकरण नाही म्हणतं, लोक सर्रास वापरतात. कारणं दोन सांगितली जातात. ‘आवाँ क’ला सब्जाँक्तिफ लागतो, त्याच्या ओढीनं ‘आप्रे क’लाही तो लागला. शिवाय जुन्या भूतकाळातलं ‘फ्यु’ आणि सब्जाँक्तिफचं ‘फ्यु’ उच्चारात एक आहेत. लिहिताना दुसऱ्याच्या स्वरावर टोपीसारखी खूण असते इतकाच फरक. मोजणीतला धोका इथेच. शोध करताना अ‍ॅक्साँकडे दुर्लक्ष करण्याचा पर्याय चालू राहिला, तर दोन्ही रूपं एकत्र होतात आणि निकाल वाया जातो. टोपी लावली-न लावली यात छपाईच्याही चुका असतात. म्हणून ही जोडी सोडून ‘आ’ आणि ‘ए’ (आव्हार क्रियापदाची वर्तमान रूपं), ‘ए’ आणि ‘स्वा’ (एत्र क्रियापदाची) अशा स्पष्ट दिसणाऱ्या जोड्यांवरच गणती करावी. कादंबऱ्यांच्या मजकुरावरून प्रकाशकाच्या मुद्रितशोधकाचा हात फिरलेला असतो, त्यामुळे छापील भाषेतली वाढ बोलीच्या मागेच राहते हेही गृहीत धरावं.

जुन्या ग्रंथांत आणखी एक फसगत आहे. सतराव्या शतकातलं नाटक आधुनिक स्पेलिंगच्या आवृत्तीतून भरलेलं असू शकतं. अपूर्ण भूतकाळाच्या शेवटी जुनं ‘ओ-आय’ जाऊन ‘ए-आय’ लिहिणं अकादमीनं १८३५च्या आवृत्तीत स्वीकारलं. दोनशे वर्षं आधीच्या मजकुरात तेच नवं स्पेलिंग दिसलं तर तो लेखकाचा दूरदर्शीपणा नसतो, संपादकाची सोय असते. वाक्यरचनेचा अभ्यास अशा आवृत्तीवर चालतो, स्पेलिंगचा आणि उच्चाराचा नाही. मोजणीपूर्वी ग्रंथाच्या माहितीत रचनेचं वर्ष आणि आवृत्तीचं वर्ष दोन्ही बघून घ्यावीत.

कॅनडातल्या फ्रेंचसाठी शेरब्रूक विद्यापीठाचा सीएफपीक्यू खुला आहे. मित्रमंडळींच्या, घरच्यांच्या गप्पांचं लेखन, हातवारे आणि हसण्याच्या नोंदींसह. ‘तू’ हा प्रश्नाचा प्रत्यय म्हणून वापरणं तिथे भरपूर सापडतं: ‘से तू…’ म्हणजे ‘ते … आहे का?’ शोधताना हा प्रत्यय आणि ‘तू’ सर्वनाम वेगळं करायला क्रियापदाच्या आधी आहे की नंतर, एवढी कसोटी बहुतेक वेळा पुरते. भविष्यकाळावर काम करायचं असेल तर नकारार्थी वाक्यं पहिल्याच दिवशी वेगळी काढावीत. ऑटावा-हल भागातल्या १२० लोकांच्या कॉर्पसवर भाषाशास्त्रज्ञ शाना पोपलॅक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की होकारार्थी वाक्यात तिथले लोक ‘जाणे’ या क्रियापदाचा आधार घेऊन भविष्यकाळ करतात आणि प्रत्ययाचं जुनं रूप मुख्यतः नकारात टिकून आहे. ही वाटणी न करता सरासरी काढली, तर जुनं रूप सगळीकडे थोडं थोडं शिल्लक असल्याचा भास होतो, आणि तसं ते प्रत्यक्षात कुठेच नसतं.